वाफेवर चालणारी जुनी बोट

‘विराट’ ही नौदलाची विमानवाहू नौका 2020च्या सप्टेंबरात अलंगला तोडायला गेली, तेव्हापासून मुंबईच्या मित्रांशी बोलताना जुन्या बोटी जपायच्या कशा, हा वाद हटकून निघतो. ते विचारतात, पैसे कुठून आणायचे? सिंधुदुर्गातल्या निवतीच्या समुद्रात तिचं संग्रहालय करायची 852 कोटींची योजना राज्य मंत्रिमंडळाने 2018 साली मंजूर केली होती, ती कागदावरच राहिली. त्याआधी जुनी ‘विक्रांत’ 60 कोटींना भंगारात गेली. त्यांचं चिडणं मला पटतं. पैसे नाहीत म्हणून बोट जपता येत नाही, हा निष्कर्ष पटत नाही.

मी सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहतो. इथल्या धक्क्यावर 1943 सालची ‘जेरेमाया ओब्रायन’ आहे, 441 फुटी मालवाहू बोट. जर्मन पाणबुड्या बुडवतील त्याहून जास्त बोटी तरंगत राहाव्यात म्हणून अमेरिकेने घाईघाईने बांधलेल्या 2,710 लिबर्टी बोटींपैकी एक. फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या नॉर्मंडीच्या स्वारीत तिने 11 फेऱ्या केल्या, पुढे हिंदुस्थानापर्यंतही आली. मग 33 वर्षं खाडीत गंजत पडली. 1979 साली स्वयंसेवकांनी बॉयलर पेटवले आणि ती स्वतःच्या वाफेवर बाहेर आली. 1994मध्ये तर पुन्हा नॉर्मंडीला जाऊन आली. चालवणारे बरेचसे सत्तरीच्या आसपासचे.

इंजिन चालू असताना उभ्या शिड्या उतरून खाली गेलं की तेलाचा उग्र वास अंगावर येतो. फिरणाऱ्या क्रँकच्या बेअरिंगला दर फेरीला तळहाताचा ओझरता स्पर्श करून एक आजोबा ते तापलंय का बघत होते. शेजारी कॉलेजातली एक मुलगी तेच शिकत होती. बोट जगली आहे ती या शिकवणीवर. पैसे लागतातच, पण एवढ्या मोठ्या वाफेच्या इंजिनाची जाण विकत कुठे मिळणार?

इथे सगळंच जपतात असंही नाही. एवढ्या लिबर्टी बोटींपैकी चालत्या दोनच उरल्या, दुसरी बाल्टिमोरला. उलट आपल्याकडे विशाखापट्टणमला ‘कुरसुरा’ पाणबुडी 2002पासून किनाऱ्यावर उभी आहे, लोक आत जाऊन बघतात.

म्हणून माझं म्हणणं इतकंच, की विमानवाहू नौकेचा हट्ट सोडून मुंबईने एखादी साधी मालवाहू बोट धरावी, आणि रत्नागिरीकडच्या निवृत्त खलाशांना, इंजिनवाल्यांना निविदा निघण्याआधीच बोलवावं. 14 एप्रिल 1944ला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ फुटली, तीही युद्धातली मालवाहू बोटच. माल भरायच्या एकाच खणात, म्हणजे होल्डमध्ये, खाली कापसाच्या गाठी, वर स्फोटकं. अग्निशमन दलाचे 66 जण गेले. दरवर्षी त्या तारखेला आपण त्यांना वंदन करतो. तशा होल्डच्या तोंडाशी उभं राहून खाली बघायला मुंबईतल्या मुलांना आज एकही जागा नाही.