केक मधे कच्चा, कडेला कडक आणि डिशला तडा: तुमच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

दोन स्टार देताना तुम्ही काय काय केलंत ते सविस्तर लिहिलंत आणि फोटोही टाकलेत, म्हणून नेमकं उत्तर देता येतंय. वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी तक्रार थोडक्यात सांगतो. आमच्या साताऱ्यातल्या दुकानातून घेतलेल्या ९ इंची स्टोनवेअर, म्हणजे भट्टीत कडक भाजलेल्या मातीच्या, डिशमध्ये तुम्ही स्ट्रॉबेरी भरलेला कॉफी केक केलात. फ्रीझरमधल्या स्ट्रॉबेऱ्या तशाच पसरल्या, डिश १८० अंशाला तापलेल्या १९ लिटरच्या ओटीजीत ठेवली, ३५ मिनिटांत वरून गडद रंग आला म्हणून बाहेर काढली. मधला भाग कच्चा आणि पाणीदार, कडा कडक. ओट्यावर ठेवल्यावर ‘टक्’ असा आवाज येऊन डिशला तडा गेला. ‘१२०० अंशाला भाजलेलं म्हणून विकता आणि १८० ला फुटतं’ हा मुख्य आक्षेप. शिवाय कॉफीची चव नाही, आणि तेवढ्या पैशांत टिनचे दोन साचे आले असते.

आधी तड्याचं बघू, कारण त्यात हात भाजण्याचा धोका असतो.

स्टोनवेअर भट्टीत १२०० अंशांच्या आसपास भाजतात हे खरंच आहे. पण तिथपर्यंत पोचायला भट्टीला कित्येक तास लागतात आणि निवायला त्याहून जास्त. भांड्याचे सगळे भाग जवळजवळ बरोबरीने तापतात, बरोबरीनेच निवतात. तडा नुसत्या उष्णतेने जात नाही. एकाच भांड्याचा एक भाग गरम असताना दुसरा एकदम गार झाला, की जातो. गार झालेलं बूड आकसायला बघतं, वरची गरम भिंत त्याला आकसू देत नाही आणि त्या ओढाताणीत माती फाटते. भाजलेली माती दाब भरपूर सोसते, ताण मात्र फारसा सोसत नाही. तुमच्या फोटोत ओट्याचा काळा ग्रॅनाइट नुकताच पुसलेला, ओला दिसतोय. ओला दगड गरम बुडातली उष्णता काही सेकंदांत ओढून घेतो. तडाही बुडापासून निघून एका बाजूने वर चढलाय आणि काठाच्या बोटभर खाली थांबलाय. ओल्या ओट्यावर गेलेला तडा बहुतेक वेळा असाच दिसतो.

तरीही नुसत्या फोटोवरून निकाल देणं आम्हाला पटत नाही. भट्टीत भांडं घाईने निवलं तर आत ताण राहतो आणि तो पुढे कधीतरी बाहेर पडतो. डिश कोरडी करून तड्यावरून हलक्या हाताने नख फिरवा. ग्लेझची, म्हणजे वरच्या काचेसारख्या लेपाची, कड गुळगुळीत, वितळून गोल झालेली लागली, तर तडा ग्लेझ वितळण्याच्या आधीचा, म्हणजे भट्टीतलाच. तशी डिश आम्ही एक शब्द न बोलता बदलून देतो. कड धारदार लागली तर तडा नंतरचा. मग तो ओट्यावरचा की आतल्या ताणाचा, हे डिश हातात घेऊन बघावं लागेल. दुसरी खूण आवाजाची. डिश बुडाखालून तळहातावर धरून काठावर लाकडी चमचा वाजवा. धड भांडं खणखणतं, तडकलेलं बद्द वाजतं. ग्लेझवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या तर ती वेगळी गोष्ट. तो भांड्याचा तडा नव्हे, ग्लेझ आणि माती कमीजास्त आकसल्याने पडलेल्या रेषा असतात.

तोवर ही डिश ओव्हनमध्ये घालू नका, अगदी ‘थोडाच तडा आहे’ म्हणूनही नाही. उकळतं फळ भरलेली डिश हातात असताना दुभंगली तर पायावर पडेल. कांदे-लसूण ठेवायला ती खुशाल वापरा.

पुढच्या वेळी गरम डिश लाकडी पाटावर किंवा चौघडी केलेल्या कोरड्या सुती फडक्यावर ठेवा. पकडायलाही कोरडंच फडकं. फ्रिजमधून काढलेली डिश थेट गरम ओव्हनमध्ये नको, गॅसच्या आचेवर तर कधीच नको, आणि गरम डिशमध्ये नळाचं पाणी ओतू नका. एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. बुडाखालच्या खरखरीत कडेला ग्लेझ नसतं, तिथून पाणी आत मुरतं. धुतल्यावर डिश उपडी करून रात्रभर सुकू द्या, मगच ओव्हनमध्ये घाला.

आता केक. मधे कच्चा राहण्याची तीन कारणं तुमच्याच वर्णनात आहेत आणि तिन्ही एकमेकांत गुंतलेली आहेत.

पहिलं कारण डिशचा स्वभाव. ॲल्युमिनियम उष्णता मातीपेक्षा शंभरेक पट वेगाने पुढे नेतं. ॲल्युमिनियमच्या टिनमध्ये पीठ तळापासून लगेच शिजायला लागतं. स्टोनवेअरमध्ये पहिली १५-२० मिनिटं जाड माती स्वतः तापण्यातच जातात. त्या वेळात ओटीजीचा वरचा तापणारा रॉड आपलं काम करत असतो. १९ लिटरच्या ओटीजीत डिशचा काठ आणि वरचा रॉड यांत फार तर दोन-तीन इंच उरतात, म्हणून वरचा रंग आतल्या शिजण्याच्या पुढे धावला. एकदा तापली की मात्र डिश उष्णता धरून ठेवते आणि बाहेर काढल्यावरही कडा शिजवत राहते. तुम्हाला त्या कडक लागल्या त्या त्यामुळेच. डिश निवेपर्यंत केक आत ठेवला तर कडा आणखी सुकतात; २० मिनिटांनी काप काढून ताटात घ्यावेत.

दुसरं, आणि आमच्या मते सगळ्यात मोठं कारण म्हणजे फळ. स्ट्रॉबेरीत वजनाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. गोठताना बर्फाचे स्फटिक फळाच्या पेशी फोडतात, त्यामुळे वितळताना ते पाणी धरून ठेवत नाही. तुम्ही ३०० ग्रॅम गोठलेली फळं पिठाच्या दोन थरांमध्ये घातलीत, म्हणजे केकच्या पोटात बर्फ ठेवलात आणि त्यावर त्याचंच पाणी सोडलंत. फळांवर भुरभुरलेल्या कॉर्नफ्लोअरचाही उपयोग झाला नाही, कारण ते चांगलं घट्ट व्हायला उकळीच्या जवळची उष्णता लागते आणि केकचा मध्य तिथवर पोचलाच नाही. कच्चं पीठ आणि पातळ रस एकत्र दिसला तो असा.

म्हणून डिशबरोबरच्या कृतीच्या कार्डावर फळ आधी शिजवायला सांगितलंय. महाबळेश्वर-पाचगणीची ताजी स्ट्रॉबेरी डिसेंबर ते मार्च सहज मिळते, तेव्हा तीच घ्यावी. ३०० ग्रॅम फळाच्या फोडी आणि ५० ग्रॅम साखर जाड बुडाच्या पातेल्यात मध्यम आचेवर ठेवा. रस सुटून उकळला की दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर तेवढ्याच गार पाण्यात कालवून घाला आणि ढवळत एक मिनिट खदखदू द्या. पांढुरकेपणा जाऊन रस चकचकीत झाला पाहिजे. उलथन्याने पातेल्याचा तळ ओढला तर रेघ क्षणभर तशीच राहायला हवी. लिंबाचा एक छोटा चमचा रस गॅस बंद केल्यावरच घाला; आंबट घालून उकळत ठेवलं तर कॉर्नफ्लोअरची पकड सैल होते. हे मिश्रण पूर्ण गार करूनच वापरायचं. गोठलेलं फळ असेल तर चाळणीत वितळू द्या, खाली जमलेला रस एकटाच आटवून निम्मा करा आणि मग त्यात फळ घाला.

पिठाचं प्रमाण कार्डावरचंच: मैदा २०० ग्रॅम, बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, खायचा सोडा पाव छोटा चमचा, चिमूटभर मीठ, लोणी १०० ग्रॅम, साखर १३० ग्रॅम, अंडी २, घट्ट दही १२० ग्रॅम. लोणी आणि दही फ्रिजबाहेर काढून ठेवायला विसरू नका. डिसेंबर-जानेवारीत सकाळी डिशही हाताला गार लागते. तिच्या आत थोडा वेळ कोमट पाणी भरून, बूड कोरडंच ठेवून, नीट पुसून घ्यावी. अंडी खात नसाल तर दही २२० ग्रॅम आणि सोडा अर्धा छोटा चमचा करा. ते पीठ जड होतं, आठ-दहा मिनिटं जास्त लागतात.

दोन तृतीयांश पीठ खाली, त्यावर फळ, पण काठापासून बोटभर आत. फळ डिशला टेकलं की साखर करपून चिकटते. उरलेलं पीठ चमच्याचमच्याने वर टाका, सगळं झाकलं नाही तरी चालतं, वाफेला वाट मिळते. वरच्या चुऱ्यासाठी ६० ग्रॅम मैदा, ४५ ग्रॅम साखर, ४० ग्रॅम थंड लोणी आणि अर्धा छोटा चमचा दालचिनी बोटांच्या टोकांनी चोळा. लोणी वितळलं तर चुरा न राहता लगदा होतो आणि तोही मध्याला झाकून ठेवतो.

तिसरं कारण वेळ आणि उष्णता. ओटीजी १७० वर १५ मिनिटं तापवा, डिश सगळ्यात खालच्या जाळीवर, दोन्ही रॉड चालू. ३० मिनिटांनी वर फॉइल सैल ठेवा, रॉडला लागू देऊ नका. एकूण ५५ ते ६० मिनिटं. कार्डावरही हीच वेळ आहे, आणि रंग आला म्हणून आधी काढण्याचा मोह इथे महागात पडतो. काडी घालताना शितावरून भाताची परीक्षा होत नाही, कारण फळात गेलेली काडी ओलीच निघते. मध्याच्या आसपास तीन ठिकाणी, फळ टाळून बघा. थर्मामीटर असेल तर मध्याला ९६-९८ अंश दिसले की झालं. ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतली उष्णता यांत चांगलाच फरक असू शकतो, म्हणून आत ठेवायचा साधा ओव्हन थर्मामीटर घ्या, कुठल्याही दुकानातून. मधेच वीज गेली तर दार उघडू नका. डिशने धरलेल्या उष्णतेवर दहा मिनिटं केक तग धरतो. वीज आली की गेलेला वेळ पुढे मोजा.

कॉफीच्या चवीबद्दल: हा केक कॉफीबरोबर खायचा असतो, त्यात कॉफी नसते. ती हवीच असेल तर दोन छोटे चमचे इन्स्टंट कॉफी वरच्या चुऱ्यात मिसळा.

किमतीबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे, टिन स्वस्त पडतो. साधा स्पंज करणाऱ्यांना आम्हीही टिनच देतो, त्याला चटकन तापणारं भांडंच हवं. स्टोनवेअर घ्यावं ते फळ भरलेल्या, ओलसर, डिशमधूनच वाढायच्या केकसाठी. आंबट फळाचा त्याच्या ग्लेझवर परिणाम होत नाही. घरातली लोणच्याची तपकिरी-पांढरी बरणी याच जातीची आणि आंबट-खारट वर्षानुवर्षं सांभाळते. कडेला राहिलेले तपकिरी डाग खायचा सोडा आणि पाण्याच्या लेपाने तासाभरात सैल होतात. तारेची घासणी नको.

उन्हाळ्यात स्ट्रॉबेरी संपली की तासगावच्या बेदाण्याचा केक करून बघा. १५० ग्रॅम बेदाणे कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून घट्ट पिळा आणि एका किसलेल्या सफरचंदाबरोबर पाच मिनिटं परता. पाणी कमी असल्याने हा केक ५० मिनिटांत होतो. स्टोनवेअरमध्ये पहिला केक करणाऱ्याने खरं तर यानेच सुरुवात करावी.

डिश घेऊन दुकानात या, बिल नसलं तरी चालेल. तडा भट्टीतला किंवा आतल्या ताणाचा निघाला तर नवी डिश लगेच मिळेल. ओल्या ओट्याचा निघाला तर बदलून देता येणार नाही, हे आधीच सांगतो. येताना ओटीजीच्या आतल्या जागेची उंची आणि रुंदी मोजून आणा. ९ इंचीचा काठ वरच्या रॉडपासून तीन इंच लांब राहत नसेल, तर आम्ही तुम्हाला ७ इंची उथळ डिशच सुचवू. तिला वरचं सगळं प्रमाण निम्मं घ्यायचं आणि वेळ ४० ते ४५ मिनिटं.