मोरीचा वास, सोडा-व्हिनेगर आणि तो फिरणारा मेसेज

सांगलीतल्या कितीतरी सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. दर रविवारी रात्री मोरीत अर्धी वाटी खाण्याचा सोडा, अर्धी वाटी व्हिनेगर आणि वर दोन झाकणं ब्लीच घाला, उकळतं पाणी ओता आणि झाकून ठेवा. आतली घाण विरघळते, वास कायमचा जातो. जाळीखाली चार डांबरगोळ्या टाका, प्लंबरची गरजच नाही. मेसेज पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे, पण यातली एक गोष्ट जिवावर बेतू शकते. म्हणून आधी तिच्याबद्दल.

ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. न्हाणीघर लहान, खिडकी बंद, आपण मोरीवर वाकलेलो, म्हणजे तो वायू थेट नाकातोंडात. डोळे चुरचुरतात, खोकल्याची उबळ येते, दमा असलेल्याला श्वास घेणं अवघड होतं. संडास साफ करायचं ॲसिड ब्लीचमध्ये मिसळलं तर हाच वायू आणखी जोरात सुटतो. आपल्याकडे तर हे लक्षात ठेवायलाच हवं, कारण पूर ओसरला की घरोघरी ब्लीचिंग पावडर येते आणि त्याच फरशीवर लोक ॲसिडही ओततात. दोन्हींपैकी एकच वापरा. चुकून मिसळलंच तर काही धुवत बसू नका. आधी बाहेर या आणि श्वासाला त्रास होत असेल तर थेट डॉक्टर गाठा.

आता सोडा-व्हिनेगर. फेस बघून वाटतं की आत मोठं काम चाललंय. प्रत्यक्षात आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात. उरतं ते पाणी आणि त्यात विरघळलेला सोडियम ॲसिटेट नावाचा साधा क्षार. फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड, आणि तो वर उघड्या तोंडाकडे निघून जातो. केसांचा गुंता, साबणाचा थर, थिजलेलं तूप यांना त्याने काही होत नाही. नुसता सोडा ओल्या ब्रशवर घेऊन घासलात तर थोडा उपयोग होतो, पण तो घासण्याचा.

उकळत्या पाण्याचंही तसंच. पीव्हीसी पाइप साधारण ८० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो, सांधे ढिले होतात. सिंकमधला तेलकटपणा जायला हाताला सोसेल इतपत गरम पाणी आणि भांड्याचा साबण पुरे. खरकटं आणि चहाचा चोथा मात्र जाळीवरच अडवा.

मग वास येतो कुठून? बहुतेक घरांत नहाणी ट्रॅपमधून, म्हणजे मोरीच्या जाळीखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या भांड्यातून. जाळी उचला. आत पालथी वाटी दिसेल आणि तिची कड पाण्यात बुडालेली असेल. ते पाणी, साधारण ५० मिलिमीटर, हेच गटाराच्या वायूला अडवणारं झाकण. पण पाणी सावकाश जातं म्हणून अनेक घरांत ही वाटी काढून माळ्यावर टाकलेली असते. मग गटार थेट न्हाणीघरात उघडतं, त्यावर सोडा ओता नाहीतर अत्तर. वाटी असेल तर तिच्या आतल्या कडेला बोट फिरवून बघा, राखाडी-काळा बुळबुळीत थर हाताला लागेल. त्यातले जिवाणू हवेशिवाय कुजवण्याचं काम करतात आणि सडक्या अंड्यासारखा वास सोडतात. घरच्यांचं नाक त्याला सरावतं, म्हणून पाहुण्यांना आधी कळतं. हातमोजे घाला, गुंता ओढून काढा, जुन्या टूथब्रशने वाटी आणि कडा घासा, वाटी परत बसवा. खोल ट्रॅप असेल तर वाटी नसते. तिथे टॉर्च मारून आत पाणी चमकतंय का ते पाहा.

बेसिनखालीही एकदा वाका. तिथला वळ्यावळ्यांचा पाइप फरशीतल्या भोकात नुसता खोचलेला असतो, भोवती बोटभर फट. वास तिथूनच येतो. तिथे रबरी रिंग बसवा. बेसिनच्या वरच्या बाजूचं छोटं भोकही आतून घासा, ते सहसा कोणी पाहत नाही.

मे महिन्यात मुलांकडे पुण्याला जाऊन आलं की बंद फ्लॅटचं दार उघडताच भपकारा येतो, त्याचं कारण घाण नसतं. ट्रॅपमधलं पाणी उन्हाळ्यात आटलेलं असतं. निघताना प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी ओता आणि वर दोन चमचे गोडं तेल सोडा, पाणी उशिरा आटतं.

डांबरगोळ्या वास घालवत नाहीत, नुसता झाकतात. त्या नॅप्थलीनच्या असतील तर काही नवजात बाळांच्या रक्ताला त्या घातक ठरतात. बाळंतीण असलेल्या घरात तर त्या ठेवूच नका.

आणि ‘प्लंबरची गरज नाही’ म्हणाल तर, ट्रॅप स्वच्छ, पाण्याने भरलेला, तरीही वरच्या मजल्यावर फ्लश झाला की तुमच्या मोरीत गुडगुडतं? मग ट्रॅपमधलं पाणी ओढलं जातंय. गच्चीवरचा व्हेंट पाइप, म्हणजे गटाराच्या नळांना हवा देणारा पाइप, तुंबलाय का किंवा चेंबर भरलंय का ते प्लंबरला बोलावून बघायला लावा, आणि खर्च सोसायटीच्या बैठकीत मांडा, कारण तो एका फ्लॅटचा नाही.