राजीनामा लिहून घेतलेल्यांचं काय?

पुण्यात आयटीतल्या नोकऱ्या जायला लागल्या की बेकारभत्त्याचा विषय निघतो आणि बघता बघता ‘रेवडी’ या शब्दापाशी येऊन अडतो. न्यू जर्सीत राहून हे वाचताना मला फार वाईट वाटतं. इथे हा पैसा म्हणजे विमा आहे. अमेरिकेत बहुतेक राज्यांत त्याचा हप्ता फक्त मालक भरतो. आमच्या राज्यात कामगाराच्या पगारातूनही थोडा कापला जातो.

आपल्याला किती मिळतील, हे अर्जाआधीच घरी बसून काढता येतं. समजा, कुणी ऑक्टोबर २०२५ मध्ये अर्ज केला. संपलेल्या शेवटच्या पाच तिमाहींपैकी पहिल्या चार धरायच्या, म्हणजे जुलै २०२४ ते जून २०२५. त्या काळात किमान ३०३ डॉलर कमाईचे २० आठवडे हवेत, नाहीतर एकूण कमाई १५,२०० डॉलर तरी हवी. आठवड्याचा सरासरी पगार १,२०० असेल तर त्याचे ६० टक्के, म्हणजे ७२०. पगार १,६०० असला तरी ९६० मिळत नाहीत, कारण २०२५ ची कमाल मर्यादा ८७५ होती. हे जास्तीत जास्त २६ आठवडे. शिवाय दर आठवड्याला सांगावं लागतं: काम शोधलं का, आलेलं काम नाकारलं का, मधे काही कमावलं का. मिळालेल्या रकमेवर केंद्राचा आयकरही लागतो.

इथलं सगळंच चांगलं आहे असं मुळीच नाही. फ्लोरिडात आठवड्याला २७५ डॉलरच्या वर मिळत नाहीत, तेही जेमतेम १२ आठवडे. कॅलिफोर्नियासारख्या महागड्या राज्यात ४५० ची मर्यादा २००५ पासून हललेली नाही. आणि एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आलेली आपली मुलं? न्यू जर्सीत त्यांच्याही पगारातून हप्ता कापला जातो, पण नोकरी गेली की ती ‘कामासाठी उपलब्ध’ धरली जात नाहीत, म्हणून भत्ता सहसा मिळत नाही. नवी नोकरी शोधायला, नाहीतर देश सोडायला, हातात उरतात जास्तीत जास्त साठ दिवस. हा अन्याय आहे आणि त्यावर इथल्या मराठी माणसांनी बोललं पाहिजे.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. रोजगार हमीसाठी पैसा हवा म्हणूनच १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. आजही कित्येकांच्या पगारातून महिना २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात. म्हणजे नोकरदाराने बेरोजगारासाठी पैसे घालण्याची सवय आपल्याला पन्नास वर्षांची आहे. केंद्राच्या कर्मचारी राज्य विमा महामंडळाची (ईएसआयसी) नोकरी गेलेल्यांना भत्ता देणारी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनाही २०१८ पासूनची. सरासरी पगाराच्या निम्मे, ९० दिवसांपर्यंत, तेही आयुष्यात एकदाच. पण महामंडळाची पगारमर्यादा २१,००० रुपये, त्यामुळे हिंजवडीतले बहुतेक जण त्यात बसतच नाहीत.

मर्यादा उद्या वाढवली तरी खरी अडचण पुढे आहे. न्यू जर्सीत पात्रतेसाठी नोकरी कशी सुटली हे बघतात: कंपनीने कमी केलं तर भत्ता, सबळ कारणाशिवाय स्वतःहून सोडली तर नाही. आपल्याकडे एचआरच्या खोलीत बोलावून राजीनाम्याच्या मेलचा मसुदाच पुढे ठेवतात. अनुभवपत्र अडकेल या भीतीने मुलं तो पाठवून टाकतात. कागदोपत्री ती ‘स्वेच्छेने’ गेलेली असतात. म्हणून पुण्यात भत्त्याची मागणी करणाऱ्यांनी रकमेच्या आधी हे मागावं: दबावाखाली घेतलेला राजीनामा कपात म्हणून धरायचा, आणि तो स्वेच्छेचा होता हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीवर टाकायची.