खुलासा: गेटवरची फुंकर म्हणजे दारूच्या सवयीची तपासणी नव्हे

‘ब्रेथ ॲनालायझरवर शून्य आले, म्हणजे कामगाराला दारूची समस्या नाही’ हा कारखान्यांत फिरणारा संदेश चुकीचा आहे. यंत्र फक्त त्या क्षणीचा अल्कोहोल मोजते. सवय ओळखायला जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ प्रश्नावली आहे: १० प्रश्न, कमाल ४० गुण. ८ पासून धोका धरतात. २० किंवा जास्त असल्यास तज्ज्ञाकडे पाठवावे. उत्तरे डॉक्टरांपाशीच राहिली पाहिजेत, सुपरवायझरने विचारल्यास खरे कोण सांगेल? शिवाय रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता एकदम दारू सोडली, तर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. तेव्हा तो क्रेनवर असेल आणि यंत्राने त्याला शून्य दाखवून आत सोडलेले असेल.