पीएसए ४ च्या वर म्हणजे कॅन्सरच, असं नाही

पीएसए हे प्रोस्टेट या पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीत तयार होणारं प्रथिन, त्याचा आकडा रक्त तपासून कळतो. ‘पीएसए ४ च्या वर आला की प्रोस्टेटचा कॅन्सर समजा, लगेच बायोप्सी (ग्रंथीचे बारीक तुकडे काढून तपासणी) करा’ हा फिरणारा मेसेज चुकीचा आहे. वयामुळे ग्रंथी वाढली किंवा लघवीत जंतुसंसर्ग झाला, तरी हा आकडा चढतो. म्हणून आधी काही आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासतात, मग गरजेप्रमाणे एमआरआय. स्वीडनमधल्या गोटेबोर्गच्या अभ्यासात (२०२२) एमआरआयमध्ये संशयास्पद दिसलेल्या जागेचेच तुकडे घेतले, तेव्हा निरुपद्रवी कॅन्सरचं निदान निम्म्यावर आलं. हे फार मोलाचं आहे. अशा कॅन्सरवर नाहक शस्त्रक्रिया झाली, तर लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता जाऊ शकते. माणूस घराबाहेर पडायला कचरतो. मात्र वडिलांना किंवा भावाला हा आजार झाला असेल, तर पंचेचाळिशीच्या आतच डॉक्टरांशी बोला.