“घासा, केमिकल मारा, भरा”: स्लॅब असा दुरुस्त होत नाही

पावसाळा सरला की सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. स्लॅबचे पोपडे पडून सळई दिसू लागली तर ठेकेदाराच्या नादी लागू नका. सुटलेलं तेवढं पाडा, सळईला तारेचा ब्रश मारा, केमिकल लावा, दुसऱ्या दिवशी पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंट-वाळूचा माल) भरा. झालं काम!

“सुटलेलं तेवढं पाडा.” सुटलेलं नेहमी दिसतं त्याहून जास्त असतं. हातोडीने ठोकत जा. बद्द आवाज येतो तिथवर काँक्रीट आतून सुटलंय. कड निमुळती ठेवू नका, ग्राइंडरने साधारण 10 मिमी खोल सरळ काप घ्या. मोठा ब्रेकर (काँक्रीट फोडायचं मशीन) मात्र नको. त्याने चांगल्या काँक्रीटलाही बारीक तडे जातात आणि नवं मॉर्टर त्या तडकलेल्या थरासकट खाली येतं.

“सळईला ब्रश मारा.” मेसेजमधली सर्वांत घातक ओळ हीच. ब्रश पोचतो तो सळईच्या खालच्या अंगाला. वरचं अंग काँक्रीटमध्येच गंजत राहतं, आणि गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. पोपडे पडले ते त्या फुगण्यानेच ना? म्हणून सळईमागे सुमारे 20 मिमी मोकळं करायचं, बोट फिरलं पाहिजे. लांबीतही स्वच्छ सळई लागेपर्यंत उघडत जायचं. मग जाडी मोजा. 12 मिमीची सळई 10 ची उरली तर डोळ्याला किरकोळ वाटतं, पण छेदाचं क्षेत्रफळ 30 टक्क्यांनी घटलेलं असतं. तिथे जोडसळई, म्हणजे शेजारी जादा सळई लागते. किती, कुठे, हे इंजिनिअरने सांगायचं, ग्रुपने नाही.

“केमिकल लावा, दुसऱ्या दिवशी भरा.” कुठलं केमिकल? सळईला गंजापासून वाचवणारा झिंक प्राइमर वाळू द्यायचा असतो. जुन्या काँक्रीटला नवं मॉर्टर चिकटवणारा बाँड कोट मात्र चिकट असतानाच मॉर्टर भरायचं. तो वाळला की जोडण्याऐवजी दोघांना वेगळं ठेवतो. मेसेजने दोन्हींची खिचडी केली आहे.

पाण्याबद्दल त्यात अक्षर नाही. सिमेंटचं मॉर्टर भरायचं तर काँक्रीट आधी भिजवायचं, पण भरताना वर पाणी चमकता कामा नये.

आणि टेकू? सळईमागचं काँक्रीट काढलं की तेवढ्या लांबीत तिची पकड सुटते. टेकू तोडफोडीआधी लावायचे आणि मॉर्टरला ताकद येईपर्यंत काढायचे नाहीत.