गोळी घ्या, बाळाला पाजा, तारीख लिहून ठेवा

बाळ चार-पाच महिन्यांचं, अंगावर पितंय, पाळी अजून आलेली नाही आणि नेमका निरोध फाटला. अशा वेळी आपल्या इंदूरच्या मराठी घरांत दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एक, "पाजतेयस ना, मग दिवस राहत नाहीत." आणि दुसरं, "गोळी घेतलीस तर दोन दिवस बाळाला अंगावर घेऊ नकोस." दोन्ही मायेपोटीच म्हटलेली असतात. पण पहिल्याने संबंधानंतर घ्यायच्या गर्भनिरोधक गोळीची वेळ टळते आणि दुसऱ्याने बाळाचं दूध तुटतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

पाजण्याने दिवस राहत नाहीत हे खरं आहे, पण तीन अटी एकाच वेळी पाळल्या जात असतील तरच. बाळ ६ महिन्यांच्या आतलं हवं, पाळी परत आलेली नको, आणि बाळ फक्त अंगावरच पीत असावं, दिवसा ४ तासांपेक्षा आणि रात्री ६ तासांपेक्षा जास्त खंड न पडता. या तिन्ही असतील तर सुमारे ९८ टक्के भरवसा धरता येतो. रात्रीची एक बाटली सुरू झाली, बाळ सलग सात-आठ तास झोपू लागलं किंवा उष्टावण झालं, की हा भरवसा संपला. "पाळी येईल तेव्हा बघू" असं म्हणून थांबणंही चूकच, कारण बीज आधी सुटतं आणि पाळी त्यानंतर येते. पाळी न येताच पुन्हा दिवस गेले असं होतं ते यामुळेच. बाळंतपणाला २१ दिवस झालेले नसतील तर मात्र गोळीची गरजच नाही.

आता गोळीकडे या. मेडिकलवर चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या आय-पिल, अनवॉन्टेड-७२ वगैरे गोळ्यांत लेव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम असतं, म्हणजे १५०० मायक्रोग्रॅम. त्यातलं पहिल्या २४ तासांत दुधावाटे बाळाच्या पोटात जातं ते अंदाजे १.६ मायक्रोग्रॅम, म्हणजे हजारातला एखादा भाग. दुसऱ्या दिवशी त्याहूनही कितीतरी कमी. या गोळीने पान्हा आटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पाजणाऱ्या आईसाठी या गोळीवर कुठलंही बंधन घातलेलं नाही. काही कंपन्यांच्या माहितीपत्रकात ८ तास पाजू नये असं छापलेलं असतं आणि तिथूनच हा घोळ सुरू होतो. दुधातलं प्रमाण गोळीनंतर २ ते ४ तासांत सगळ्यात जास्त असतं, म्हणून मनाला रुखरुख नको असेल तर बाळाला आधी पोटभर पाजा, ते झोपलं की गोळी घ्या. पुढचं पाजणं नेहमीच्या वेळेला. छाती भरून दगड होईपर्यंत थांबून, दूध मोरीत ओतून, बाळाला वरचं दूध पाजणं हे मला अजिबात पटत नाही. त्यात आईला गाठी होतात आणि बाळ बाटलीला सोकावतं.

गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची, पण ७२व्या तासाची वाट बघायची नाही. जितकी लवकर, तितका उपयोग. पाकीट हातात आलं की आधी त्यावरचं नाव आणि तारीख वाचा. जुन्या पद्धतीच्या पाकिटात ०.७५ च्या दोन गोळ्या असतील तर दोन्ही एकदमच घ्या. पाकिटावर मिफेप्रिस्टोन लिहिलेलं दिसलं तर ते परत करा. ते गर्भपाताचं औषध आहे, त्याचं इथे काही काम नाही. गोळीनंतर दोन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी गोळी घ्यावी लागते. टीबीची रिफॅम्पिसिन किंवा फिटची फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन चालू असेल तर साधा डोस पुरत नाही, वजन बरंच जास्त असेल तरीही तो कमी पडू शकतो. मग डॉक्टरांना विचारून दुप्पट डोस किंवा तांबी (कॉपर-टी).

सगळ्यात जास्त चूक होते ती मात्र गोळी घेतल्यानंतर. एरवी पाळी आठवडाभर लांबली की बाई तपासणी करते. इथे पाळीच नाही, मग लांबली हे कळणार कशावरून? म्हणून ज्या दिवशी संबंध आला तिथून २१ दिवस मोजा आणि भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या चौकोनावर खूण करा. त्या दिवशी सकाळच्या पहिल्या लघवीची किटवर तपासणी. दुसरी रेघ फिकट दिसली तरी ती आहेच असं धरा. गोळीनंतर दोन-चार दिवसांनी थोडं अंगावरून गेलं तर त्याला पाळी समजून तपासणी टाळू नका. आणि तपासणी होकारार्थी येऊन ओटीपोटात एका बाजूला जोराचं दुखत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

ही गोळी बीज सुटणं पुढे ढकलते, बस. ते चार दिवसांनी सुटू शकतं, त्यामुळे त्याच रात्रीपासून निरोध हवाच. बीज सुटायची वेळ आधीच येऊन ठेपली असेल तर गोळी चालत नाही. म्हणूनच बाळंतपणाला ४ आठवडे उलटून गेले असतील तर माझं मत सरळ तांबीच्या बाजूचं आहे. ५ दिवसांच्या आत बसवली तर ९९ टक्क्यांहून जास्त खात्री, आणि कॉपर-टी ३८०-ए असेल तर पुढची १० वर्षं काळजी नाही. पाजणाऱ्या बाईच्या गर्भाशयाला बसवताना इजा व्हायचा धोका किंचित जास्त असतो. तो विरळाच, पण हात सरावाचा हवा. इंदूरच्या एम. वाय.सारख्या सरकारी रुग्णालयात तांबी मोफत बसवतात. सोमवारी रात्रीची गोष्ट असेल तर शनिवारच्या आत जा, रविवार मोजू नका.

तांबी नको असेल तर छाया नावाची गोळी आहे, पहिले ३ महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. त्यात हार्मोन नाही. ६ आठवड्यांनंतर 'अंतरा' नावाचं इंजेक्शन, दर ३ महिन्यांनी. माला-एन ही रोजची गोळी मात्र बाळ ६ महिन्यांचं होईपर्यंत नको, त्यातल्या इस्ट्रोजेनने दूध कमी होऊ शकतं. आशा दीदींना विचारा, त्यांच्याकडे निरोध आणि गोळ्या असतात.

आणि नवरे मंडळींनो, सव्वा महिन्याचं बाळ कडेवर घेऊन तिने मेडिकलच्या काउंटरवर चार माणसांत हे मागायचं, हे बरोबर नाही. तुम्ही जा. पाकिटावर लेव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ वाचून घ्या, आणि त्याच फेरीत तपासणीची किट आणि निरोधचं पाकीटही आणा.